गुरुवारची घागर

पुण्याहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "शनिवारवाडा पाहिला? सिंहगड चढलात? बाकरवडी आणली का?" बाकरवडी आणली होती, ती दोन दिवसांत संपली. बाकीचं विचारू नका. मी पुण्यात चार दिवस होते आणि चारही दिवस एका दगडाच्या मागे धावत होते. भंडाऱ्याहून एवढ्या लांब जाऊन दगड कोण बघतं, असं आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

आधी माझ्याबद्दल. टेलिफोन खात्यात मी सव्वीस वर्षं ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि तोंडात एकच वाक्य, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" पुढे एसटीडी आलं, मग घरोघरी फोन आले, मग खिशाखिशात आले, आणि आमच्या बोर्डावर धूळ बसायला लागली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यात स्वेच्छा किती होती ते मलाच माहीत. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. या खोलीतून त्या खोलीत जाते, फळीवरचे डबे काढते, पुसते, पुन्हा लावते. वडील म्हणतात, "पायाले भिंगरी लागली का तुह्या?"

वडिलांना आम्ही बाबूजी म्हणतो. वय पंच्याहत्तरच्या पुढे. किती पुढे ते त्यांनाही ठाऊक नाही. काचबिंदूने डोळे गेले, पण कान असे की अंगणात पाऊल वाजलं की कोण आलं ते सांगतात. तरुणपणी ते पुण्यात, सिंहगड रस्त्याला, कॅनॉलच्या दुरुस्तीवर मजूर होते. खडकवासल्याच्या धरणातून शहराकडे जो कॅनॉल येतो, त्याच्या काठाने मजुरांच्या झोपड्या होत्या. एके दिवशी एक मोटार गरम होऊन रस्त्यात थांबली आणि तिच्यातून उतरले ते आमचे साहेब. देशाचे एवढे मोठे नेते. आमच्या घरात त्यांचं नाव घ्यायची कधी गरज पडली नाही. साहेब म्हटलं की एकच. ज्यांच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नव्हतं त्या मजुरांच्या घागरीतलं पाणी साहेब उभ्या उभ्या दोन पेले प्याले, आणि मोटार थंड झाल्यावर निघून गेले. एवढीच गोष्ट. पण त्या सात मजुरांनी रस्त्याच्या कडेला एक दगड पुरला, त्यावर एक ओळ कोरून घेतली, शेजारी रांजण ठेवला, आणि ठरवलं की हा रांजण कधी रिकामा ठेवायचा नाही. येणारा-जाणारा कोणीही असो, पाणी पिऊन जाईल. सात जण, सात वार. बाबूजींचा गुरुवार होता.

ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. ती नेहमी इथेच संपायची. पुढचा भाग या खेपेला पहिल्यांदा ऐकला. माझी मुलगी प्रज्ञा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. तिच्याकडे चार दिवस जाऊन येते म्हटलं, तर बाबूजींनी माझा हात धरला. म्हणाले, एका गुरुवारी सकाळी ते कॅनॉलवर घागर भरायला गेले होते. तिथेच गावाकडचा माणूस निरोप घेऊन आला, माय शेवटच्या घटका मोजतेय. घागर काठावर तशीच ठेवून ते स्टेशनकडे पळाले. माय गेली. मग धाकट्या भावंडांचं करायचं, मग लग्न, मग आम्ही. ते परत गेलेच नाहीत. तेव्हा लिहिता येत नव्हतं, आणि लिहिता यायला लागलं तेव्हा लाज आड आली.

"त्या गुरुवारी रांजण कोरडा रायला असन," ते म्हणाले. "कोणी तहानलेला आला असन अन् तसाच गेला असन. तू इचारून ये. माह्या पाळीले पाणी कोणी भरलं का?"

हा प्रश्न उशाशी घेऊन माणूस पन्नास वर्षं झोपत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. मला रडू आलं, आणि रागही आला. एवढी वर्षं सांगितलं असतं तर मी ट्रंक कॉल लावून कोणाला तरी विचारलं नसतं का? पण आता बोलून काय उपयोग. बाबूजींचं जेवणखाण चार दिवस शेजारच्या वहिनींवर सोपवलं आणि मी बॅग भरली.

सोमवार, कर्वेनगर

प्रज्ञाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून राहतात. फ्रिज उघडला तर आत सॉसची बाटली, लिंबाची अर्धी फोड आणि नेलपॉलिश. तिघींच्या येण्याजाण्याच्या वेळा तीन. खाली गाडीचा हॉर्न वाजला की एक जण केस विंचरत जिन्यावरून पळते. मी पोहोचले तेव्हा प्रज्ञा निघायच्या घाईत होती.

"आई, तू जरा रिलॅक्स कर ना. वीकेंडला आपण खडकवासल्याला जाऊ, त्याच रोडने. मस्त भाजलेलं कणीस खाऊ, धरण बघू."

"तू गेली आहेस त्या रस्त्याने?"

"दहा वेळा तरी. सगळा ग्रुप जातो आमचा."

"मग दगड पाहिलास? रांजण?"

"कुठला दगड?" असं म्हणून ती गेली.

मला ते लागलं. तिचंही चुकलं नाही म्हणा. गोष्ट मी तिला सांगितली होती, पण ती लहान होती, आणि मी स्वयंपाक करता करता सांगितली होती. खाली जाऊन हॉटेलात पोहे मागवले. आमच्याकडे पोह्यांवर तर्री नसेल तर माणूस भांडतो. इथे वर खोबरं आणि कोथिंबीर घालून पोहे कसे नटूनथटून येतात, पण तोंड भाजत नाही. मी तर्री मागितली, तर वाढणारा म्हणाला, "मिसळ हवी असेल तर मिसळ मागा. पोह्यांची मिसळ आम्ही करत नाही." मी मुकाट्याने खाल्ले. खाऊन झाल्यावर खोलीत जाऊन बसवेना, म्हणून त्या सोसायटीला सहा चकरा मारल्या. वॉचमनने शेवटी विचारलं, काही हरवलंय का.

मंगळवार, बिबवेवाडी

हा दिवस फुकट गेला, पण सांगितला पाहिजे.

सकाळी खालच्या वाणसामानाच्या दुकानात विचारलं, "अहो, सिंहगड रस्त्याला एका नेत्यांच्या भेटीचा दगड आहे, माहीत आहे का?"

दुकानदार तराजूकडे बघत म्हणाले, "बाई, पुण्यात दगड हवा तर आधी पत्ता आणावा. नुसत्या दगडावर कोणी काही देत नाही."

शेजारी एक निवृत्त गृहस्थ डाळ निवडून घेत होते. एकेक दाणा बघत होते. ते म्हणाले, "नेत्यांच्या भेटीचा दगड ना? तो सिंहगड रस्त्याला नाहीच. बिबवेवाडीत आहे. मी स्वतः वाचलाय. आपल्याला कोणी चुकीचं सांगितलं."

आता बघा, बाबूजींनी तो दगड स्वतःच्या हाताने पुरला होता. तरी त्या गृहस्थांचा आवाज इतका ठाम होता की मलाच वाटलं, बाबूजींचा रस्ता चुकला असेल. आमच्याकडे माणसाला माहीत नसलं तर तो "पुढे विचारा" म्हणतो आणि वर चहा पाजतो. पुण्यात माहीत नाही असं म्हणायची पद्धत नसावी.

दोन बस बदलून बिबवेवाडीला गेले. गर्दीचा रस्ता, दुतर्फा शिवणकाम, झेरॉक्स, पिठाच्या गिरण्या. उतरताना चपलेचा अंगठा तुटला. पाय ओढत ओढत दगडापर्यंत गेले. दगड होता. चकचकीत, काळा, सोनेरी अक्षरांचा. एका सभागृहाची कोनशिला. कोणी तरी मोठे नेते आले होते, त्यांचं नाव एका ओळीत, आणि खाली अकरा स्थानिक मंडळींची नावं मोठ्या टायपात.

समोरच्या झेरॉक्सवाल्याला तरीही विचारलं, "हे इथे पाणी प्याले होते का?"

"पाणी?" तो म्हणाला. "मॅडम, पाणी आम्हालाच मिळत नाही. त्यांना कुठून देणार?"

मी तिथेच कट्ट्यावर बसून चप्पल शिवून घेतली. चांभारदादा साताऱ्याकडचे होते. त्यांना मी सगळी हकीकत सांगितली, कारण कोणाला तरी सांगायची होती. त्यांनी टाका ओढला आणि म्हणाले, "म्हातारं मानूस सांगतंय तर त्या रस्त्यालाच असंल की वो. तुमी दुसऱ्याचं कशापायी ऐकता?" एवढा साधा सल्ला ऐकायला मी शहराच्या दुसऱ्या टोकाला आले होते.

बुधवार, सिंहगड रस्ता

सकाळी राजाराम पूल ओलांडून रिक्षाने निघाले. रिक्षावाला वडगावच्या पुढे यायला तयार नव्हता. "पुढं सगळं खोदलंय, तुम्ही तिथं काय बघणार?" म्हणाला. मी उतरले आणि चालायला लागले.

रस्ता रुंद करण्याचं काम चाललं होतं. एका बाजूला माती उकरणारी पिवळी यंत्रं, दुसऱ्या बाजूला नवीन इमारतींच्या पाट्या. पाट्यांवर निळं तळं, हिरवी झाडं आणि हसणारं गोरं कुटुंब. इमारती अजून जमिनीतून वर यायच्या होत्या. मोटारी, कंपन्यांच्या बसगाड्या, स्कूटर, सगळ्यांना एकदमच पुढे जायचं होतं. धूळ अशी की पदर नाकाला लावून चालावं लागत होतं. मध्येच एका ठिकाणी घरांच्या मागे कॅनॉल दिसला. संथ, भरून वाहणारा, हिरवट पाण्याचा. इथेच कुठे तरी बाबूजींनी घागर ठेवली होती.

दगड कुठेच नव्हता. बाबूजींनी खूण सांगितली होती, रस्ता जिथे कॅनॉलच्या अगदी जवळ येतो तिथे, डाव्या हाताला. मी तिथे पोहोचले. डाव्या हाताला खड्डा होता. माझ्या कमरेएवढा खोल, आणि त्यात लोखंडी सळया.

मी त्या खड्ड्यापाशी किती वेळ येरझारा घातल्या देव जाणे. बाबूजींना काय सांगू? पाणी कोणी भरलं ते राहू द्या, तुमचा दगडच राहिला नाही? डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई मला बघत होती. शेवटी तिने विचारलं, "काय पाहून रायल्या बाई?"

ते "रायल्या" कानावर पडलं आणि मला माहेर भेटल्यासारखं झालं. ती वाशीमकडची निघाली. नवरा-बायको दोघंही त्या कामावर होते. मी दगडाचं विचारलं, तर तिने घमेलं खालीच ठेवलं.

"तो दगड? तो तं म्हातारीनं नेला! मशीन आली तवा म्हातारी दगडावर जाऊन बसली. साहेब लोक वरडले, डायवर वरडला, ते काही उठे ना. म्हणे, हातगाडी आणा, मंग उठतो. आणली मंग हातगाडी. आमच्या सहा जणांनी उचलला. रांजण तिनं सोताच धरून नेला, कोणाले हात लावू देल्ला नाही."

"कुठे नेला?"

"त्या बोळात, पिंपळापाशी. पण आता नोका जाऊ, दुपारी ते लेकीकडं असते. सकाळी या, पाणी भरते तवा भेटन."

पाणी भरते. हे दोन शब्द ऐकून मी त्या बाईचा हात धरला. तिला वाटलं मला चक्कर येते आहे.

तरी मी बोळाकडे निघाले, पण वाटेत यंत्र आडवं उभं होतं, मुकादमाने पुढे जाऊ दिलं नाही. परत येताना रिक्षा मिळाली नाही. राजाराम पुलापर्यंत चालत आले, तिथून पलीकडे कर्वेनगर. पुलावर उभी राहिले तेव्हा ध्यानात आलं, माझी मुलगी दोन वर्षं त्या रांजणापासून तासाभराच्या चालीवर राहते आहे.

गुरुवार, पिंपळाचा बोळ

प्रज्ञाने आपण होऊन हाफ डे टाकला. "आजोबांचा मॅटर आहे, मी पण येते," म्हणाली. तिच्या स्कूटरवर मागे बसून, डोळे मिटून, मी पिंपळापर्यंत पोहोचले.

बोळाच्या तोंडाशी, रस्त्याला लागूनच, सिमेंटचा नवा कच्चा चौथरा होता. त्यावर दगड. गुडघ्याएवढा, काळा, खडबडीत. शेजारी रांजण, साखळीने बांधलेला स्टीलचा पेला. एक लहानखुरी म्हातारी, नऊवारी खोचून, काथ्याने रांजण आतून घासत होती. मान वर न करताच म्हणाली, "पानी पायजे का? थांबा वाईच. भरायचंय अजून."

मी दगड वाचला. वर एकच ओळ होती, "येथे साहेब थांबले व पाणी प्याले." तारीख नव्हती. बाबूजी सांगत, तारखेवरून दोघांचं भांडण झालं म्हणून ती कोरलीच नाही. खाली मात्र नंतर कोरलेल्या सात ओळी होत्या, निळ्या रंगाने भरलेल्या. सात वार आणि सात नावं. प्रत्येक नावाआधी "कालकथित". आमच्यात गेलेल्या माणसाला कैलासवासी म्हणत नाहीत, कालकथित म्हणतात. चौथी ओळ होती, "गुरुवार – कालकथित दौलत नागपूरकर."

बाबूजींचं नाव दौलत. आडनाव मेश्राम, पण पुण्यात आमच्या बाजूचा कोणीही असो, तो नागपूरकरच. मी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

"आई," प्रज्ञा म्हणाली, "हे आजोबा? पण आजोबा तर..."

"गप्प बस," मी म्हटलं. मग म्हातारीला विचारलं, "मावशी, हे गुरुवारचे कोण?"

"त्यो? त्यो बुडाला कॅनॉलात." तिचा हात थांबला नाही. "असाच गुरवार व्हता. सकाळच्या पारी पानी भराय गेला, तो आलाच न्हाय. घागर काठावर, पंचा काठावर, मानूस न्हाय. माझे मालक, गनपत, त्यांचा शनवार, ते अन् बाकीचे पाच जन दोन दिस बुड्या मारीत व्हते. पार खालच्या पुलापतूर गेलं. काय लागलं न्हाय हाती. माझं नवीन लगीन झालेलं तवा. म्या भाकरी थापून ठेवल्या, कुनी जेवंना."

मी म्हटलं, "तो कुठे निघूनही गेला असेल ना?"

आता तिने मान वर केली. "पाळी टाकून? दौलत? बाई, तुमी त्याला वळकत न्हाय."

मी खरंच सांगते, त्या क्षणी मला तिथून पळून जावंसं वाटलं. माझं काम झालं होतं. पाणी भरलं गेलं होतं, एकदा नव्हे, पन्नास वर्षं. बाबूजींना तेवढंच सांगायचं आणि या बाईचा बुडालेला दौलत तिच्याकडे ठेवून निघायचं. कोणाचं काही बिघडलं नसतं. मी स्कूटरपर्यंत गेलेही, आणि परत आले. पुन्हा गेले. प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात म्हातारीने नळावरून पहिली घागर भरून आणली. ती रांजणावर तिरपी धरली आणि मोठ्याने म्हणाली, "दौलत नागपूरकराची घागर." मग ओतली. मला समजावून सांगितलं, "ज्याचा वार, पहिली घागर त्याच्या नावानं. भरनारं कुनीबी असू दे. बाकीचे वार गल्लीनं वाटून घेतल्यात. गुरवार म्या कुनाला देत न्हाय. पाळीवर मेलेला मानूस हाय."

मला राहवलं नाही. "मावशी," मी म्हटलं, "ते मेले नाहीत. मी त्यांची मुलगी. आईच्या आजारपणाचा निरोप आला म्हणून ते घागर टाकून गावी गेले. कोणाला सांगितलं नाही. नंतर लाजेने आले नाहीत. भंडाऱ्याला आहेत. तुम्हाला विचारायला मला पाठवलंय, त्यांच्या पाळीला पाणी कोणी भरलं का."

तिने घागर खाली ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून चौथऱ्यावर बसली. रस्त्यावरून कंपनीची एक बस गेली, मग दुसरी. ती म्हणाली, "दोन दिस. पुसाच्या म्हयन्यात. गार पान्यात." एवढंच. मला वाटलं, आता ही उठेल, छिन्नी आणेल आणि ती चौथी ओळ उडवून टाकेल. तिला तो हक्क होता. मी उभी होते, पण पाय एका जागी ठरत नव्हते.

तिने पाठमोरीच विचारलं, "जेवतो का नीट?"

"जेवतात. भाकरी कुस्करून द्यावी लागते. डोळे गेलेत."

"कोन हाय करनारं?"

"मी आहे."

"बरं," ती म्हणाली आणि वळली. प्रज्ञाच्या हातातला मोबाइल तिला दिसला. "लाव त्याला."

घरचा फोन बाबूजींच्या खाटेशीच असतो. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. म्हातारीने मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरला आणि ओरडली, "दौलत! म्या चंद्रा. गनपतची बायकू. आरं, मेलास म्हनून भरलं रं पन्नास वरीस!"

मग तिने तो कानाला लावला आणि ऐकत राहिली. सव्वीस वर्षं मी लोकांची बोलणी ऐकली, पण त्या दिवशी बाबूजी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही. म्हातारी मध्ये मध्ये "व्हय" म्हणत होती. एकदा म्हणाली, "गेले. दोन वर्सं झाली." शेवटी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आन् तुझा पंचा ऱ्हायला व्हता हितं. मालकांनी वापरून वापरून फाडला. आता मागू नगंस."

प्रज्ञाने हळूच विचारलं, "आजी, मग ते 'कालकथित' काढायचं का?"

"दगडावरचं खोडलं की दगड खराब व्हतो, पोरी," म्हातारी म्हणाली. "ऱ्हाऊ दे. आज न्हाय उद्या खरं व्हनारच हाय."

ते बाबूजींना ऐकू गेलं असावं. पलीकडून हसण्याचा आवाज आला, हसता हसता खोकल्याचा आला, आणि मग मी फोन घेतला.

"सुनंदा," बाबूजी म्हणाले, "आज कोणता वार हाये?"

"गुरुवार."

"मंग फोनवर काय बोलत रायली? घागर उचल."

मी पदर खोचला. फोन बंद केला नाही. उभा जन्म लोकांना तीन मिनिटांवर तोडलं, त्या दिवशी लाइन उघडी ठेवून मोबाइल दगडाच्या डोक्यावर ठेवला. म्हातारी नळाशी उभी राहिली, तिने भरायची आणि मी आणून ओतायची, असं ठरलं. घागर उचलून मी म्हणाले, "दौलत मेश्रामाची घागर." आडनाव ऐकून म्हातारीने भुवया वर केल्या. दोन, तीन, चार. सवय गेलेली, कंबर धरली, अर्धं पाणी अंगावर सांडलं. पाचव्या घागरीला प्रज्ञाने कंपनीचं ओळखपत्र गळ्यातून काढून स्कूटरला अडकवलं आणि घागर माझ्या हातातून घेतली. सहावी तिनेच ओतली. मी फोन उचलून म्हटलं, "भरला, बाबूजी."

"नाही भरला," ते म्हणाले. "आवाज पोकळ येऊन रायला. अजून एक जाते."

मी वाकून पाहिलं. खरंच चार बोटं रिकामा होता. सातवी घागर मी आणली. पाणी काठाला आलं, काठावरून सांडलं, आणि चौथऱ्यावरून दगडाच्या पायाशी गेलं.

"हां," बाबूजी म्हणाले. "आता झाकण ठेव."